नीळ पाखरांची नावनिशी

मराठी समीक्षेने कविता, कादंबरी आणि नाटक यांची जेवढ्या आस्थेने दखल घेतली, तेवढी शास्त्रीय वर्णनाची घेतलेली नाही. एखाद्या वनस्पतीचे वा कीटकाचे दहा ओळींत केलेले वर्णन म्हणजे कोरडी माहिती, तिच्याशी साहित्याचा काय संबंध, असा आपला समज आहे. परंतु तेही गद्यच असते. शब्दांची निवड, तपशिलांचा क्रम, अनावश्यक ते गाळण्याचा संयम आणि अचूक नाव ठेवण्याची दृष्टी या चारही गोष्टी त्याला लागतात; किंबहुना ललित गद्यापेक्षा काकणभर अधिकच लागतात, कारण येथे शब्द चुकला तर वस्तूच बदलते. या भूमिकेतून आम्ही प्रस्तुत लेखात डोंगरमाथ्यावरील लहान फुलपाखरांच्या वर्णनाचा आणि वर्गीकरणाचा, विशेषतः मराठीत अलीकडे झालेल्या नामकरणाचा, विचार करणार आहोत. शहापूर आणि मुरबाड या ठाणे जिल्ह्यातील दोन तालुक्यांचा डोंगरपट्टा आम्ही डोळ्यांसमोर ठेवला आहे.

माहुलीचा किल्ला, आजोबाचा डोंगर, गोरखगड, मच्छिंद्रगड, सिद्धगड, नाणेघाट आणि माळशेजची कडा ही या पट्ट्याची ओळख. ही काही हिमशिखरे नव्हेत. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई, तेही १६४६ मीटरच भरते. तरीही सह्याद्रीच्या माथ्यावरचे जग पायथ्याच्या भातखाचरांहून निराळे आहे. तेथे मातीचा थर पातळ, वारा जोराचा, गवत बुटके. पावसाळा सरता सरता तेरडा आणि सोनकी फुलतात, उतारांवर कारवी दाटते. अशा जागी मोठ्या पंखांचे फुलपाखरू वाऱ्याशी झुंजत राहते. लहान निळी फुलपाखरे मात्र जमिनीपासून वीतभर उंचीवर, जेथे वारा मंदावतो तेथे, गवताच्या पात्यांमधून फिरतात. पाय पडण्यापूर्वी ती दिसत नाहीत आणि दिसली तरी एकसारखीच वाटतात. वर्णनकाराची खरी परीक्षा येथेच असते. मोराचे वर्णन कोणीही करील. एकसारख्या दिसणाऱ्या चार राखी-निळ्या जीवांतील भेद शब्दांत पकडणे ही निराळी गोष्ट आहे.

हे काम आपल्या भागात प्रथम इंग्रजीत झाले. मुंबईत १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी एक, साताऱ्यात जन्मलेले आणि मीठ व जकात खात्यात नोकरी केलेले ई. एच. एटकेन, यांनी कॉम्बर यांच्यासह कोकणातील फुलपाखरांची यादी सोसायटीच्या नियतकालिकात १९०३ मध्ये प्रसिद्ध केली. बिंगहॅम यांचा ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेतील फुलपाखरांचा दुसरा खंड १९०७ चा. विंटर-ब्लाइथ यांचे पुस्तक १९५७ चे. पुढे आपल्याच लोकांनी ही धुरा घेतली. कृष्णमेघ कुंटे यांचे द्वीपकल्पीय भारतातील फुलपाखरांवरील पुस्तक २००० साली आणि आयझॅक किहीमकर यांचे भारतीय फुलपाखरांवरील पुस्तक २००८ साली आले. दोन्ही इंग्रजीत आहेत.

या परंपरेचा गुण असा की तीत विशेषणांची उधळपट्टी नाही. बिंगहॅमच्या पानावर ‘सुंदर’ हा शब्द शोधावा लागतो. ‘पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूस’ ही शब्दयोजना मात्र पदोपदी भेटते. दोष असा की तीत जीव पुष्कळदा टाचणीवर आहे. तो कोठे बसतो, काय खातो, कोणत्या ऋतूत फिका पडतो, हे मागाहून येते किंवा येतच नाही. गवतावरील निळी फुलपाखरे पावसाळ्यात गडद ठिपक्यांची आणि कोरड्या दिवसांत फिकट, मातकट असतात. केवळ संग्रहालयातील नमुना पाहणाऱ्याला ती दोन भिन्न जातींची वाटावीत, यात नवल नाही. एकाच फुलपाखराच्या ऋतूनुसार बदलणाऱ्या रूपांना दोन नावे दिली गेल्याची उदाहरणे या शास्त्राच्या इतिहासात आहेत. किहीमकर आणि कुंटे यांच्या पुस्तकांचे मोठे श्रेय हे की त्यांनी फुलपाखराला टाचणीवरून उचलून पुन्हा झाडावर नेऊन बसविले.

पंख फसवतात, हा या शास्त्राचा पहिला धडा. तो ज्याने सर्वांत ठामपणे सांगितला, तो माणूस कादंबरीकार होता हे साहित्याच्या वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. व्लादिमीर नाबोकोव्ह हे रशियात जन्मलेले लेखक १९४० च्या दशकात अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या प्राणिशास्त्रीय संग्रहालयात लहान निळ्या फुलपाखरांवर काम करीत होते. दक्षिण अमेरिकेत त्यांनी पाऊलही ठेवले नव्हते; संग्रहातील सुमारे सव्वाशे नमुने एवढेच त्यांचे भांडवल. पंखांवरील रंग आणि ठिपके यांवर विसंबून न राहता त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रियांची रचना तपासली आणि १९४५ साली अँडीज पर्वतासह त्या खंडातील निळ्या फुलपाखरांची नवी मांडणी केली. शिवाय त्यांनी असेही म्हटले की यांचे पूर्वज आशियातून बेरिंगच्या मार्गाने एकापाठोपाठ एक अशा पाच लाटांनी अमेरिकेत उतरले असावेत. लेखकाची ही कल्पनाशक्ती शास्त्रज्ञांना फारशी रुचली नाही. १९९० च्या दशकात बालिंट, जॉन्सन आणि बेन्यामिनी यांनी अँडीजमधील फुलपाखरांचा नव्याने अभ्यास केला, तेव्हा नाबोकोव्ह यांची मांडणी पायाभूत ठरली. २०११ मध्ये आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीतून पाच लाटांचा अंदाजही खरा निघाला. नव्याने वर्णिलेल्या काही जातींना संशोधकांनी त्यांच्या कादंबऱ्यांतील पात्रांची नावे दिली.

या हकिकतीत समीक्षकासाठी एक सूचना आहे. वरच्या रंगावरून केलेली प्रतवारी आणि आतल्या बांधणीवरून केलेली प्रतवारी यांत अंतर पडते, आणि टिकते ती दुसरी. फुलपाखरांप्रमाणेच पुस्तकांचेही असे आहे. मराठी ललित गद्यातील फुलपाखरांवर आमचा आक्षेप नेमका हाच आहे. आपल्याकडे ते ‘रंगीबेरंगी’, ‘चंचल’ आणि ‘क्षणभंगुर’ असते. या तीन विशेषणांपलीकडे आपले गद्य क्वचितच जाते. ते कोणत्या झाडावर अंडे घालते हे लेखकाला ठाऊक नसते आणि त्याविना लेखकाचे अडतही नाही. अशा गद्यात फुलपाखरू नसतेच. लेखकाच्या मनःस्थितीला दिलेले ते एक उपनाव असते.

शास्त्रीय मराठीची अडचण निराळी आहे. तेथे परिभाषाच पक्की नाही. मराठी विश्वकोशाने ‘जाती’ हा शब्द एकमेकांशी वंशवृद्धी करू शकणाऱ्या सजीवांच्या मूळ गटासाठी आणि ‘प्रजाती’ हा शब्द अशा जवळच्या जातींच्या समूहासाठी वापरला. वृत्तपत्रांनी मात्र सरसकट ‘प्रजाती’ म्हणायला सुरुवात केली. ‘जात’ हा शब्द आपल्या समाजात जिभेवर चटका देणारा आहे, म्हणून तो टाळला जात असावा. भावना समजण्याजोगी असली, तरी परिणाम असा की दोन पायऱ्यांसाठी एकच शब्द उरला आणि वर्गीकरणाची शिडीच मोडली. दुसरे उदाहरण ‘कोश’ या शब्दाचे. अळी ज्यात निजते तोही कोश आणि पंखाच्या मध्यभागी शिरांनी वेढलेली जागा दाखवायलाही पुष्कळजण कोश किंवा कोष्ठ म्हणतात. वाचकाने काय समजावे? आमच्या मते येथे ‘शिरांमधील दालन’ असे साधे म्हणावे. चार अक्षरे अधिक गेली तरी चालतील, पण अर्थाची गल्लत नको.

आता नामकरणाकडे वळू. २०१५ साली महाराष्ट्राने ‘ब्लू मॉरमॉन’ या मोठ्या, काळ्या-निळ्या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला, तेव्हा त्याचे मराठी नाव ‘राणी पाकोळी’ असे जाहीर झाले. नाव कानाला गोड आहे. पण पाकोळी म्हटले की मराठी पक्षिनिरीक्षकाला आकाशात भिरभिरणारा एक पक्षी आठवतो. पुढे महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाच्या पुढाकाराने राज्यातील फुलपाखरांना मराठी नावे देण्याचे मोठे काम झाले, आणि त्यात याच फुलपाखराला ‘नीलवंत’ म्हटले गेले. हे नाव आम्हांला अधिक सरस वाटते. गुणवंत, शीलवंत या घडणीचा हा शब्द मराठीच्या स्वभावातला आहे. शिवाय पशुपक्ष्यांची भाषा कळविणाऱ्या ज्या नीळावंतीविषयी लोकांत कथा चालत आल्या, तिचा एक दूरचा प्रतिध्वनी त्यात आहे.

कुलांची नावे संमिश्र आहेत. ‘कुंचलपाद’ हे नाव अचूक आहे. या कुलातील फुलपाखरांचे पुढचे दोन पाय आखूड, केसाळ, कुंचल्यासारखे असतात आणि चालण्याच्या उपयोगी पडत नाहीत. नावातच ती खूण आली. परंतु आश्रमशाळेतील मुलाच्या तोंडी ते रुळायला वेळ लागेल. ‘नीलकुळ’ हे उच्चारायला सोपे, पण त्याला इंग्रजी नावाचाच दोष चिकटला आहे. या कुलातील कितीतरी फुलपाखरे निळी नाहीत आणि जी आहेत त्यांतही निळाई बहुधा नराच्या पंखांवर असते, मादी तपकिरी. इंग्रज ज्याला निळे म्हणाला, त्याला आपणही निळे म्हणालो.

याउलट ‘बिबळ्या कडवा’ हे नाव आम्ही आदर्श मानतो. ‘प्लेन टायगर’ या इंग्रजी नावातील वाघ आपल्या वाघासारखा दिसत नाही. मराठी नावाने दोन कामे केली. ‘बिबळ्या’ने रूप सांगितले आणि ‘कडवा’ने स्वभाव. या फुलपाखराची अळी रुईची पाने खाते. रुईच्या चिकातील विषारी द्रव्ये अंगात साठल्याने ते पक्ष्यांना कडू लागते आणि एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेस जात नाही. झाड, चव आणि बचाव हे तीनही धागे एका विशेषणात गुंफले गेले. अशा नावात भाषेने इंग्रजीचे बोट सोडलेले असते.

हाच निकष लहान निळ्यांना लावावा, अशी आमची सूचना आहे. या गवतपाखरांपैकी ‘पेल ग्रास ब्लू’ घेऊ. त्याचे शास्त्रीय नाव कोलार या व्हिएन्नातील शास्त्रज्ञाने १८४४ मध्ये ठेवले. त्यातील जातिवाचक शब्द आहे ‘महा’! नखाएवढ्या जिवाला हे नाव कसे पडले असेल ते असो, आपल्या कानाला त्याची गंमत वाटते. त्याच अभ्यासकाने त्याहून लहान, भारतातील सर्वांत छोट्या फुलपाखरांत मोडणाऱ्या ‘ग्रास ज्युएल’च्या एका रूपाला ‘पुतली’ म्हटले. ही ‘पुतली’ स्वतंत्र जाती मानावी की दुसरीची उपजाती, यावर अभ्यासकांत दीर्घकाळ मतभेद होते. हे नमुने हिमालयाच्या बाजूच्या प्रवासातील. म्हणजे परक्या माणसाने, परक्या लिपीत, पण आपल्या बोलीच्या शब्दांनी या जिवांची नोंद केली. आपण मात्र त्यांना अजून ‘ग्रास ब्लू’ आणि ‘ग्रास ज्युएल’ म्हणूनच ओळखतो.

‘महा’चे मराठी वर्णन कसे असावे? आम्ही ते असे करू: पंख पसरल्यावर रुंदी साधारण तीन सेंटिमीटरच्या आतबाहेर. शेपूट नाही. नराचे पंख वरून फिकट चंदेरी निळे, कडा काळपट; मादी वरून तपकिरी, पंखांच्या मुळाशी थोडी निळी झाक. खालून दोघेही राखी, त्यावर पांढऱ्या कड्यात बसविलेले काळे ठिपके. पुढच्या पंखाच्या शिरांमधील दालनातही एक ठिपका, जो ‘लेसर ग्रास ब्लू’त नसतो. कोरड्या ऋतूत सर्व रंग फिकट. उडणे मंद, जमिनीलगत. अळी आंबुशीची पाने खाते. एवढे वर्णन पुरेसे आहे. यात उपमा एकही नाही, पण वाचलेला मुलगा उद्या आंबुशीच्या ताटव्यापाशी वाकून बसला तर त्याला ते सापडेल. म्हणून त्याला ‘आंबुशीची नीळ’ म्हणावे असे आम्ही सुचवितो. नियमच करायचा तर तो असा: लहान फुलपाखराच्या नावात त्याचे झाड यावे. रंग दोन-चारच आहेत, झाडे पुष्कळ आहेत. ‘रेड पियरो’ पानफुटीवर वाढते, ‘कॉमन पियरो’ बोरीवर, ‘लाइम ब्लू’ लिंबावर. वालाच्या आणि तुरीच्या शेंगांत शिरणारी निळ्याची अळी शेतकऱ्याला नावाविनाही माहीत आहे. ‘एपफ्लाय’ची अळी तर पानच खात नाही; ती पिठ्या ढेकणांवर जगते, म्हणजे शेतकऱ्याची मित्रच. आणि या कुलातील कित्येक अळ्यांना मुंग्यांची राखण असते; अळीच्या अंगातून स्रवणारा गोड रस मुंग्यांना मिळतो, त्याबदल्यात त्या शत्रूला दूर ठेवतात. हा सारा व्यवहार नावात आणि वर्णनात येऊ शकतो, तो ‘निळे’ एवढ्यावर का थांबावा?

यावर एक आक्षेप येईल की शास्त्रीय नावे लॅटिन असताना मराठी नावांचा खटाटोप कशाला. लॅटिन आपल्या घरांना परकी नाही. १९६० च्या दशकापर्यंत आपल्या वडीलधाऱ्यांनी ती उपासनेत ऐकली आणि गायिली. ती जगाला जोडते, हेही खरे. परंतु जगाची भाषा आणि घरची भाषा या एकमेकींच्या सवती नव्हेत. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ रचले तेव्हा मराठीत पूर्वी कधी न बोललेल्या गोष्टींसाठी त्यांना शब्द हुडकावे लागले होते. ते त्यांनी येथल्याच मातीतून घेतले. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील येशूसंघीय फादर ब्लॅटर आणि फादर सांतापाव यांनी वनस्पतिशास्त्रात हयात घालविली. सांतापाव यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९५३ चा. अशा पायपिटीने झाडे ओळखली गेली नसती तर झाडांवरच्या अळ्यांना आधार कोठला? उत्पत्तीच्या ग्रंथात मनुष्याला प्राण्यांना नावे देण्याचे काम मिळाले. ते काम त्याने आपल्या बोलीतच केले असणार.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो टाळून पुढे जाणे आम्हांला प्रामाणिक वाटत नाही. तानसा, वैतरणा आणि भातसा यांचे पाणी मुंबईची तहान भागविते. तानसा धरण १८९२ पासून. त्याच शहापूर तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. जेथे हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरावा लागतो, तेथे फुलपाखरांची नावनिशी हा चैनीचा विषय नव्हे काय?

आमचे उत्तर असे. या तालुक्यांतील मोठ्या गोष्टींची नावे साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहेत. धरणांची आहेत, घाटांची आहेत; समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, त्याचेही नाव झाले. नाव असलेल्या वस्तूचा हिशेब होतो, भरपाई ठरते, तिच्यासाठी भांडता येते. ज्या माळाला सरकारी कागदावर ‘पडीक’ एवढेच नाव आहे, तो वणव्यात जळाला किंवा मुरूम काढण्यासाठी खरवडला गेला, तर काय गेले हे कोणालाही सांगता येत नाही. त्या माळावरची आंबुशी, तिच्यावरची अळी आणि अळीभोवतीच्या मुंग्या यांची वर्णने मराठीत असतील, तरच पाड्यावरचा शिकलेला मुलगा ग्रामसभेत उभा राहून म्हणू शकेल की येथे अमुक होते. पाण्याची हलाखी आणि पाखरांचे अनामिकपण यांचे मूळ एकच आहे: हा प्रदेश दुसऱ्यांच्या गरजेने मोजला गेला, स्वतःच्या संपत्तीने नव्हे. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या परिपत्रकातही सृष्टीचा गाडा चालण्यास कृमिकीटकांसारखे नगण्य वाटणारे जीवही आवश्यक असल्याची आठवण करून दिली आहे, ती येथे लागू पडते.

मोजणीचा वारसा या डोंगरांना नवा नाही. मुरबाडहून जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटातील लेण्यात सातवाहनांच्या काळचा शिलालेख आहे. यज्ञात दिलेल्या गाई, घोडे आणि नाणी यांची त्यात आकड्यांनिशी नोंद आहे. जे मोलाचे वाटले, ते त्या काळच्या लोकांनी घाटावरच, आपल्या भाषेत, दगडावर कोरून ठेवले. आज मोल कशाला द्यायचे, हे आपण ठरवायचे आहे.

काम संपलेले नाही, हेही जाता जाता सांगावेसे वाटते. याच पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाकडे, तामिळनाडूतील मेघमलैच्या डोंगरांतून, नीलकुळातील एका नव्या जातीचे वर्णन २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. इतक्या अभ्यासलेल्या पर्वतरांगेत अजूनही अनोळखी पंख फिरत आहेत. माहुली आणि आजोबाच्या माथ्यावर नवी जाती मिळेलच असे नाही. ती मिळावी हा आमचा आग्रहही नाही. आहेत त्या जातींची, त्यांच्या झाडांसह आणि ऋतूंसह, शंभरेक पानांची एक वर्णनपुस्तिका शहापूर-मुरबाडच्या शाळांसाठी मराठीत व्हावी. तीत स्थानिक ठाकूर, कातकरी, वारली आणि महादेव कोळी वडीलधाऱ्यांकडून झाडांची व पाखरांची नावे विचारून घ्यावीत आणि ती मंडळाच्या नावांशेजारी, सारख्याच टायपात, छापावीत. फुलपाखरे पकडू नयेत. पाहावीत, लिहावीत, सोडून द्यावीत. अशी पुस्तिका निघाली तर आम्ही तिचे परीक्षण एखाद्या कवितासंग्रहाच्या परीक्षणाइतक्याच गांभीर्याने करू, आणि पहिल्या पानावर ‘रंगीबेरंगी’ हा शब्द नसेल तर दोन गुण आधीच देऊन ठेवू.